नमुन्यामागे दर नको, विहिरीवरच्या कामाला दर द्या : संशयित दूषित जागांच्या तपासणीबाबत खुले पत्र

प्रति,
संशयित दूषित जागांच्या तपासणीची अंदाजपत्रके, निविदा व कार्यादेश तयार करणारे जिल्हा आणि राज्य पातळीवरील सर्व अधिकारी,
महाराष्ट्र राज्य

विषय : माती व भूजल तपासणीच्या कामातील बाबी आणि त्यांचे दर

महोदय/महोदया,

स. न. वि. वि.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागा कळवायच्या, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने किंवा त्यासाठी नेमलेल्या संदर्भ संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक मूल्यांकन करायचे आणि त्यापुढच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण करून जागा खरोखरच दूषित आहे का ते ठरवायचे, असा हा क्रम आहे. म्हणजे आता अशा कामांचे कार्यादेश एकामागून एक निघणार. ते निघण्याआधी एक गोष्ट आपल्या कानावर घालायची आहे.

या कामांच्या अंदाजपत्रकात सहसा दोनच बाबी असतात : ‘पाण्याचे नमुने गोळा करून तपासणे, नग अमुक’ आणि ‘मातीचे नमुने गोळा करून तपासणे, नग तमुक’. दर नगामागे. अहवाल इथेच बिघडतो. नगामागे पैसे मिळणार असतील तर माणूस दिवसाला बारा-पंधरा विहिरी उरकणारच. एका विहिरीवर तासभर पाणी उपसत बसणारा ठेकेदार या दरात तोट्यात जातो. प्रयोगशाळेतले यंत्र कितीही महागाचे असो, ते बाटलीत आलेलेच मोजते. बाटलीत काय येणार हे विहिरीच्या तोंडाशी ठरते, आणि तिथल्या कामाला अंदाजपत्रकात बाबच नसते.

आपल्याकडच्या विंधन विहिरीचेच घ्या. राज्याचा बहुतेक भाग बेसाल्टचा. वर माती, खाली मुरूम, मग कुठे सच्छिद्र मांजऱ्या तर कुठे भेगाळलेला काळा पाषाण. बोअर मारताना केसिंग मुरूम संपेपर्यंतच घालतात, पुढे भोक उघडे. त्यामुळे १५ मीटरवरच्या भेगेतले पाणी आणि ४५ मीटरवरचे पाणी त्याच भोकात मिसळते. वरच्या थरात दूषण असेल तर खालचे स्वच्छ पाणी त्याला पातळ करते आणि अहवालात ‘मर्यादेत’ असे येते. शिवाय केसिंग आणि भोक यांच्यामधली फट कोणी बुजवत नाही. पावसाळ्यात अंगणातले पाणी तिथूनच सरळ आत उतरते. गावातल्या बोअरचा नमुना ‘लोक काय पितात’ या प्रश्नाचे उत्तर देतो. ‘दूषण कुठून कुठे चालले आहे’ हे त्यावरून कळत नाही. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण त्यांची विहीर वेगळी लागते.

उपशाचा हिशेब साधा आहे. १५० मि.मी. व्यासाच्या बोअरमध्ये मीटरला सुमारे १७.७ लिटर पाणी मावते. बोअर ६० मीटर खोल आणि पाणी १२ मीटरवर असेल तर आत साधारण ८५० लिटर साचलेले पाणी आहे. हे पाणी दिवसेंदिवस हवेशी आणि लोखंडी केसिंगशी खेळत बसलेले असते; त्यातले बाष्पनशील पदार्थ उडालेले असतात, लोह खाली बसलेले असते. जुन्या पद्धतीने तीन पट उपसा करायचा तर अडीच हजार लिटर काढावे लागतात. मिनिटाला ५० लिटर देणाऱ्या पंपाने त्याला पन्नास मिनिटे जातात. ‘मोटार दोन मिनिटे चालवून नमुना घेतला’ म्हणजे शंभर लिटर उपसून पाइपातले पाणी भरले.

खोदलेल्या उघड्या विहिरीचे वेगळे. ६ मीटर व्यासाच्या अशा विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर ते १ लाख १३ हजार लिटर भरते. ती उपसून काढा म्हणणे वेडेपणा आहे. तिथे शेतकऱ्याची मोटार नेहमीच्या पाळीइतकी चालू द्यावी, पातळी खाली जाऊन झरे उघडे पडले की झऱ्याच्या बाजूने, मधल्या खोलीवर वजन बांधलेली नमुना-बाटली सोडावी. पोहऱ्याने वरचे पाणी उचलू नये. शेवाळामुळे तिथला पीएच चढलेला आणि नायट्रेट उतरलेले असते. आणि एक प्रश्न न चुकता विचारावा : टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची क्लोरीनची) पावडर शेवटची कधी टाकली? क्लोरीन आणि पाण्यातला सेंद्रिय अंश यांच्यातून क्लोरोफॉर्म तयार होतो. तो अहवालात आला की संशय शेजारच्या कारखान्यावर जातो, आणि कारखान्याचा वकील ती पावडर शोधून काढतो. अशा विहिरीचा नमुना घेताना क्लोरीन मारण्यासाठी बाटलीत थायोसल्फेट किंवा ॲस्कॉर्बिक आम्ल लागते.

म्हणून सविस्तर सर्वेक्षणात स्वतंत्र निरीक्षण विहिरी खोदाव्याच लागतात. ५० मि.मी.चा पीव्हीसी पाइप, आट्यांचे जोड. सॉल्व्हंट सिमेंट मुळीच नको; त्यातले द्रावक महिनोन्‌महिने पाण्यात उतरत राहतात आणि नेमके तेच पदार्थ आपण शोधत असतो. खाली ३ मीटर जाळीदार पाइप, भोवती धुतलेली गारगोटीची वाळू जाळीच्या वर अर्धा-पाऊण मीटरपर्यंत, त्यावर निदान ६० सें.मी. बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती), ते फुगेपर्यंत थांबायचे, मग वरपर्यंत सिमेंट-बेंटोनाइटचा रट्टा (ग्राउट, म्हणजे फट बुजवणारे कालवण) आणि शेवटी कुलूपबंद टोपण. नळीने खालून वर भरत आणलेला रट्टाच पक्का बसतो. वरून बादलीने ओतला तर मध्ये पोकळ्या राहतात. बिघाड इथेच सर्वाधिक होतो, आणि विहीर उभी राहिली की तो वरून दिसत नाही. खड्ड्यात निघालेली माती परत ढकलून वर सिमेंटचा ओटा केला की फोटोत विहीर छान दिसते. प्रत्यक्षात तो वरच्या घाणीला खालच्या थरात सोडणारा नळ असतो. बेंटोनाइटच्या पोत्यांची मोजमाप पुस्तिकेत नोंद आणि भरतेवेळी पर्यवेक्षकाची हजेरी, एवढी अट घातली तरी पुष्कळ फरक पडेल.

जाळी कोणत्या खोलीवर ठेवायची हा निर्णय अंदाजपत्रक तयार करणाऱ्याने घेऊ नये. ‘सर्व विहिरी १५ मीटर’ असे लिहिले की खोदणारा १५ मीटर खोदतो. पेट्रोल-डिझेल पाण्यावर तरंगते. मे महिन्याच्या पातळीवर बेतलेली ३ मीटरची जाळी ऑक्टोबरमध्ये पूर्ण पाण्याखाली गेलेली असते आणि तेलाचा थर तिच्या वर, पाइपाबाहेर राहतो. विहिरीत काहीच सापडत नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर पातळीत पाच-सहा मीटरचा फरक पडणाऱ्या ठिकाणी शेजारी शेजारी दोन विहिरी लागतात, एक उथळ आणि एक खोल. उलट ट्रायक्लोरोइथिलीनसारखी द्रावके पाण्यापेक्षा जड, घनता सुमारे १.४६. ती खाली उतरत जाऊन एखाद्या घट्ट थरावर साचतात. अशा जागी गळतीच्या ऐन मध्यावर पहिलेच बोअर मारणे म्हणजे आपणच तो थर फोडून त्यांना वाट करून देणे. कडेकडून आत यावे, आणि आत शिरताना वरचा थर आधी केसिंग व रट्ट्याने बंद करावा.

खोदाई बहुधा हवेच्या दाबावर भोकाच्या तळाशी हॅमर चालवणाऱ्या डीटीएच रिगने होते, कठीण खडकात दुसरा उपाय फारसा नाही. पण कॉम्प्रेसर आणि हॅमरचे तेल त्या हवेबरोबर भोकात जाते, आणि हवेच्या झोतात बाष्पनशील पदार्थ उडून जातात. त्याच दिवशी घेतलेल्या नमुन्यात तेल सापडते आणि द्रावक सापडत नाही, दोन्ही खोटे. विहीर पाण्याच्या खाली-वर हालचालीने धुऊन काढावी, गढूळपणा १० एनटीयूच्या (गढूळपणाचे एकक) आत आणावा आणि पुढे एक-दोन आठवडे तिला हात लावू नये. ही धुलाई तासाच्या दराने स्वतंत्र बाब हवी, नाहीतर ती होतच नाही.

नमुना घेताना मंद उपसा करावा : मिनिटाला १०० ते ५०० मि.लि., आणि पातळी १० सें.मी.पेक्षा जास्त उतरू द्यायची नाही. पाणी बंद कक्षातून मीटरवर न्यायचे आणि दर तीन ते पाच मिनिटांनी नोंद करायची. लागोपाठ तीन नोंदींत पीएच ०.१ च्या आत, विद्युतवाहकता ३ टक्क्यांच्या आत, विरघळलेला प्राणवायू आणि गढूळपणा १० टक्क्यांच्या आत, ऑक्सिडेशन-रिडक्शन विभव १० मिलिव्होल्टच्या आत स्थिरावले की मगच बाटली भरायची. याला एका विहिरीवर पाऊण ते दीड तास लागतो. दिवसाला चार-पाच विहिरी होतात, त्याहून जास्त नाहीत. वर ठेवून शोषणारा पंप ७-८ मीटरपलीकडे पाणी उचलत नाही आणि त्याआधीही ओढीमुळे वायू सोडवतो. उन्हाळ्यात आपल्या पातळ्या त्याच्या आवाक्याबाहेरच असतात, म्हणून विहिरीत आत सोडायचा ब्लॅडर पंप (फुग्याच्या दाबाने पाणी हळू वर ढकलणारा) अंदाजपत्रकात धरावा. घट्ट पाषाणातली विहीर मंद उपशालाही दाद देत नाही, कोरडी पडते. तिथे एकदा कोरडी करून, पाणी भरून आले की २४ तासांच्या आत नमुना घ्यावा आणि तसे लिहावे.

नोंदीचा तक्ता मागा, पण तेवढ्यावर विसंबू नका. पाच विहिरींचे पीएच एकाच चालीने ७.२, ७.१, ७.१ असे उतरत असतील तर तो तक्ता झाडाखाली बसून भरलेला आहे. मीटरमध्ये साठलेली मूळ फाइल मागा, आणि त्या सकाळी मीटरची केलेली जुळणी (कॅलिब्रेशन) : ४, ७ आणि १० पीएचची द्रावणे, वाहकतेसाठी १४१३ मायक्रोसीमेन्सचे द्रावण.

आता बाटल्या. ‘एक लिटरचे कॅन, नग २०’ अशी खरेदी पाहिली की पुढचा अहवाल न वाचताही कळतो. धातूंसाठी पाणी विहिरीवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून मग नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली न्यायचा. क्रम उलटला, म्हणजे गढूळ पाण्यात आधी आम्ल टाकले, की मातीच्या कणांमधले लोह, क्रोमियम, निकेल पाण्यात उतरते; बेसाल्टच्या मातीत हे धातू निसर्गतःच भरपूर असतात. गाळले नाही, आम्लही टाकले नाही आणि कॅन तसाच प्रयोगशाळेत नेला, तर वाटेत लोहाचा तांबूस साका बसतो आणि आर्सेनिकही त्याच्याबरोबर तळाला जाते. म्हणजे एका चुकीने आकडा वाढतो, दुसरीने घटतो. पिण्याच्या पाण्याबाबत मात्र न गाळलेला आम्लयुक्त नमुनाही हवा, कारण लोक गाळून पीत नाहीत.

हेक्झाव्हॅलंट क्रोमियमच्या बाटलीत आम्ल टाकायचे नाही, आम्लात ते बदलून जाते. ४ अंशांवर ठेवून २४ तासांत विश्लेषण सुरू व्हायला हवे. शुक्रवारी दुपारी घेतलेला नमुना सोमवारी प्रयोगशाळेत उघडला तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. विद्युत-विलेपनाचे कारखाने, कातडी कमावण्याचे उद्योग, क्रोमियमचा कचरा, कुठलेही प्रकरण घ्या. तमिळनाडूतले रानीपेट आणि कानपूर देहातमधले रनिया ही त्याची देशात गाजलेली उदाहरणे. पाणी डोळ्यांना पिवळे दिसेपर्यंत थांबू नये. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात एकूण क्रोमियमची मर्यादा ०.०५ मि.ग्रॅ. प्रतिलिटर आहे, पिवळेपणा त्याच्या कितीतरी पट वर दिसू लागतो.

बाष्पनशील पदार्थांसाठी ४० मि.लि.च्या गडद कुप्या, त्यांत हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब, काठोकाठ भरून झाकण. कुपी उलटी करून टिचकी मारायची. वाटाण्याएवढा जरी बुडबुडा दिसला तरी ती टाकून नवी भरायची. या कुप्या सगळ्यांत आधी भरतात. सायनाइडला सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच १२ च्या वर, सीओडीच्या (रासायनिक प्राणवायू मागणी) नमुन्याला सल्फ्युरिक आम्लाने २ च्या खाली. आम्ल घातलेल्या बाटल्या विसळायच्या नसतात, ही ताकीद प्रत्येक नव्या मदतनिसाला द्यावी लागते. पेटीत बर्फाची लादी फोडून टाकली की एप्रिलमध्ये दुपारपर्यंत तिचे पाणी होते आणि लेबले सुटून तरंगतात : बाटल्या बंद पिशवीत, बर्फ वेगळ्या पिशवीत, मजकूर न पुसणाऱ्या शाईने. पेटीत साध्या पाण्याची एक बाटली ठेवावी. प्रयोगशाळेने पेटी उघडताच त्या बाटलीचे तापमान मोजून लिहावे.

दर दहा नमुन्यांमागे एक जुळा नमुना (त्याच विहिरीचा दुसरा), बाष्पनशील पदार्थांच्या प्रत्येक पेटीत एक प्रवास-कोरा नमुना (शुद्ध पाण्याची, न उघडता नेऊन आणलेली कुपी), रोज उपकरण धुतल्यावरचा एक कोरा नमुना. यांना प्रयोगशाळेचा पूर्ण दर द्या. ‘कोऱ्या पाण्याच्या तपासणीचे पैसे कशाला’ हा आक्षेप लेखापरीक्षणात येतो, म्हणून कार्यादेशातच ही बाब लिहिलेली असावी. कोऱ्या नमुन्यात टोल्युइन (एक बाष्पनशील द्रावक) सापडले तर विहिरीतल्या टोल्युइनवर कारवाई टिकत नाही, हे न्यायालयात कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. पाणी (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २१ मध्ये सांडपाण्याचा नमुना दोन भागांत करून, सीलबंद करून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेण्याची रीत दिली आहे. भूजलाच्या नमुन्यालाही तीच शिस्त लावायला काहीच हरकत नाही.

भूजल कुठल्या दिशेला वाहते हे न ठरवता ‘वरच्या बाजूची’ आणि ‘खालच्या बाजूची’ विहीर अशी नावे दिलेले नकाशे सर्रास दिसतात. त्यासाठी केसिंगच्या काठावर खूण करून तिची उंची लेव्हल यंत्राने मिलिमीटरपर्यंत काढावी लागते. उतार २०० ला १ असेल तर १०० मीटर अंतरावर पातळीतला फरक फक्त अर्धा मीटर. मोबाइलच्या जीपीएसची उंची कित्येक मीटरने चुकते, बाण सहज उलटा पडतो. सगळ्या विहिरींची पातळी एकाच दिवशी, काही तासांत मोजावी. कृषिपंपांना थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळते आणि वीज आली की परिसरातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. म्हणून वीज बंद असलेल्या पाळीच्या शेवटी मोजावे. महावितरणच्या स्थानिक कार्यालयातून वेळापत्रक मिळते. ९० दिवस आणि तीन महिने या मुदतीत पावसाळ्याआधीची आणि नंतरची अशा दोन्ही पातळ्या येतीलच असे नाही. ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या कामात मे येत नाही. अशा वेळी निरीक्षण विहिरी देयक निघताच सोडून न देता पुढच्या हंगामाची एक फेरी कार्यादेशात आधीच धरावी.

मातीबद्दल थोडक्यात. पाच ठिकाणची माती एकत्र करून एक नमुना करण्याची सवय मोडायला हवी. चार ठिकाणी २० आणि एका ठिकाणी ५०० मि.ग्रॅ. प्रतिकिलो असेल तर मिश्रणात ११६ येते आणि गळतीची जागा नाहीशी होते. बाष्पनशील पदार्थांसाठी तर मिसळणे म्हणजे उडवून लावणे. तिथे सुमारे ५ ग्रॅम मातीचा गाभा सरळ मिथेनॉलच्या कुपीत जायला हवा. नमुने खोलीच्या ठरावीक आकड्यावर घेण्यापेक्षा थर बदलतो तिथे घ्यावेत. काळी माती उन्हाळ्यात मीटरभर खोल भेगाळते, ओतलेले द्रव त्या भेगांतून थेट मुरुमावर जाते, आणि वरच्या १५ सें.मी.चा नमुना निर्मळ निघतो. ऑगरला (माती काढायच्या गिरमिटाला) चिकटलेली बाहेरची साल खरवडून आतला भाग घ्यावा. मुरुमात प्रयोगशाळा २ मि.मी.च्या चाळणीखालचेच तपासते, तेव्हा चाळणीवर किती टक्के राहिले ते अहवालात हवे. आणि त्याच जातीच्या, पण जागेपासून दूरच्या जमिनीचे चार-पाच नमुने तुलनेला हवेतच. ते नसतील तर बेसाल्टचे स्वतःचे क्रोमियम कारखान्याच्या नावावर चढते, किंवा कारखान्याचे क्रोमियम बेसाल्टच्या नावावर खपवले जाते.

अहवाल हातात आल्यावर दोन गोष्टी आपण स्वतः पाहू शकता. कॅडमियमपुढे ‘आढळले नाही’ लिहिले असेल तर शोधमर्यादा विचारा. मानक ०.००३ मि.ग्रॅ. प्रतिलिटर आहे आणि प्रयोगशाळेची पद्धत ०.०१ च्या खाली पाहूच शकत नसेल, तर त्या ओळीचे पैसे वाया गेले. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता घटकागणिक असते, प्रमाणपत्राच्या व्याप्तीत तो घटक आणि ती मर्यादा आहे का ते पाहा. दुसरे, धन आणि ऋण आयनांची बेरीज मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (विद्युतभाराच्या हिशेबाचे एकक) जुळवा; १० टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर फेरतपासणी मागा.

तेव्हा बाबी वेगळ्या करा : जागेचा इतिहास व प्राथमिक पाहणी एकरकमी, निरीक्षण विहीर मीटरच्या दराने, पण बेंटोनाइट व रट्टा स्वतंत्र, धुलाई तासाने, पातळी-मोजणी फेरीमागे, नमुना विहिरीमागे, उपशाच्या नोंदींसह, जुळे व कोरे नमुने पूर्ण दराने, खोदाईचा चुरा व उपसलेले पाणी निष्कर्ष येईपर्यंत पिंपात साठवण्याचा खर्च, कारण आज ते सरळ ओढ्यात सोडले जाते. आणि सुरक्षेची बाब : चार वायूंचा मापक, व कोणीही विहिरीत उतरणार नाही ही अट. जुन्या विहिरीत हायड्रोजन सल्फाइड किंवा कार्बन डायऑक्साइड साचलेला असू शकतो, आणि पहिल्याला काढायला दुसरा उतरतो तेव्हा दोघेही जातात.

नगांची संख्या यामुळे निम्म्याहून खाली येईल. वीस विहिरींऐवजी आठ होतील. या आठांवर कारवाई करता येईल. दरांचे पृथक्करण आणि उपशाच्या तक्त्याचा नमुना मागितल्यास देऊ.

कळावे.

आपले,
माती व भूजलाचे नमुने घेणारे आणि तपासणारे काही भूवैज्ञानिक व रसायनशास्त्रज्ञ